मूळ प्रत नसलेलं शहर

शिंजुकू हे आज जगातल्या सर्वात गर्दीच्या रेल्वे स्थानकांपैकी एक आहे. १८५७ साली या जागेचं चित्र काढायची वेळ आली तेव्हा हिरोशिगे या चित्रकाराने काय काढलं? घोड्याचा पार्श्वभाग. चित्राची जवळपास अर्धी जागा घोड्याच्या मागच्या पायांनी व्यापली आहे. पायांत गवताचे जोडे आहेत, खाली रस्त्यावर लीद पडली आहे आणि त्या पायांच्या फटीतून मागे चहाच्या दुकानांची रांग दिसते. तेव्हाचं शिंजुकू म्हणजे शहराच्या कडेचा एक मुक्काम. माणसं आणि घोडी इथे थांबायची, खायची-प्यायची, पुढे जायची. चित्राचं नाव मात्र भारदस्त आहे. ‘एदोमधली शंभर प्रसिद्ध स्थळं’ या मालिकेत ते येतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, कलेचा इतिहास शिकलेलो नाही. ही चित्रं मला फोनवर भेटली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियमकडे या मालिकेचा पूर्ण संच आहे आणि त्याच्या प्रतिमा कोणालाही ऑनलाइन बघता येतात. सुरुवातीला मी ती वॉलपेपर शोधणाऱ्या माणसासारखी चाळली. निळं पाणी, बर्फ, पूल, फुजी. मग एकेका चित्राच्या कडेला असलेल्या छोट्या शिक्क्यांकडे लक्ष गेलं. ते काय आहेत हे वाचायला लागलो, आणि ही सुंदर दृश्यं एका मोडलेल्या शहरात विकली जात होती हे कळल्यावर वॉलपेपरचा विषय मागे पडला.

सोळा मोनचं चित्र

आधी थोडी ओळख. एदो म्हणजे आजचं टोकियो. १८६८ साली नाव बदललं. त्याआधी अडीचशेहून अधिक वर्षं इथून तोकुगावा घराण्याचे शोगुन जपानचा कारभार बघत. अठराव्या शतकात एदोची वस्ती दहा लाखांच्या घरात होती. एवढ्या शहरात व्यापारी, कारागीर, मजूर, नाटकवाले, नाटकवेडे असे सगळे आले. त्यांच्याकडे हातखर्चाला चार पैसे होते, पण सरदारांसारखे सोनेरी पडदे विकत घेण्याची ऐपत नव्हती. त्यांच्यासाठी लाकडी ठशांची छापचित्रं निघू लागली. त्यांना ‘उकियो-ए’ म्हणतात. ‘उकियो’ या शब्दात एक गंमत आहे. तो पूर्वी बौद्ध अर्थाने लिहिला जाई तेव्हा ‘दुःखाचं जग’ असा अर्थ होई. सतराव्या शतकात त्याच उच्चाराचा, पण ‘तरंगणारं जग’ असा अर्थ देणारा दुसरा चिनी अक्षर वापरून तो लिहिला जाऊ लागला. उद्याचं कोणी बघितलंय, आज नाटक बघू, शेवया खाऊ, असं ते जग. ‘ए’ म्हणजे चित्र.

ही चित्रं स्वस्त होती. १८४२ साली सरकारने काटकसरीची मोहीम काढली, तेव्हा नटांची आणि गणिकांची चित्रं छापायला बंदी आली आणि एका चित्राची किंमत १६ मोनच्या वर जाऊ नये असंही बजावण्यात आलं. एदोत रस्त्यावर सोबा शेवयांचा वाडगा साधारण १६ मोनलाच मिळायचा. म्हणजे आज ज्याच्यासमोर संग्रहालयात काच लावून, मंद दिवा सोडून आपण उभे राहतो, ते एका वेळच्या खाण्याच्या किमतीत मिळत होतं. लोक ते भिंतीला चिकटवायचे, गावी जाताना भेट म्हणून न्यायचे. वजनाला हलकं, गुंडाळलं की झालं.

या बंदीचा एक परिणाम असा झाला की निसर्ग, रस्ते, पूल, देवळं हे विषय प्रकाशकांना आणखीच सुरक्षित वाटू लागले. हिरोशिगे तोवर याच विषयांचा माणूस म्हणून गाजलेला होता. १८३३-३४च्या सुमारास त्याची तोकाइदो महामार्गावरच्या ५३ मुक्कामांची मालिका आली होती आणि ती प्रचंड खपली होती.

चार हात आणि एक नाव

चित्राखाली सही हिरोशिगेची असते. पण हिरोशिगेने त्यातली एक रेघसुद्धा कागदावर स्वतः उमटवलेली नाही. हे समजलं तेव्हा माझ्यातला इंजिनियर एकदम जागा झाला, कारण ही सगळी रचना आमच्या टीमसारखी होती.

सुरुवात प्रकाशक करायचा. काय खपेल हे तो ठरवी, पैसा तो घाली, बुडाला तर तोच बुडे. ‘शंभर स्थळं’चा प्रकाशक होता उओया एइकिची. त्याच्या सांगण्यावरून चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखाटन करी. ते सरकारी तपासणीला जाई. मंजुरीचा शिक्का मिळाला की कागद ठसे कोरणाऱ्याकडे. तो चेरीच्या लाकडाच्या फळीवर हे रेखाटन उलटं चिकटवी, म्हणजे शाईची बाजू खाली, आणि कागदाच्या आरपार दिसणाऱ्या रेषांच्या दोन्ही बाजूंचं लाकूड खरवडून काढी. रेघ उठून राही, बाकीचं खोल जाई. या कामात चित्रकाराचा कागद संपून जाई.

म्हणजे चित्रकाराच्या हातचं मूळ चित्र तयार होण्याच्या प्रक्रियेतच नष्ट होतं. उरतात त्या प्रती. ‘ओरिजिनल कुठे आहे?’ हा प्रश्न या चित्रांना विचारता येत नाही.

या पहिल्या ठशावरून काळ्या रेषांचे काही कागद छापले जात. चित्रकार त्यावर कुठे कोणता रंग ते सांगे आणि मग प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा कोरला जाई. रंगीत छपाईची ही पद्धत १७६५च्या सुमारास पक्की झाली. तिची सुरुवात हौशी श्रीमंतांच्या दिनदर्शिकांतून झाली. जपानच्या जुन्या पंचांगात कोणते महिने मोठे आणि कोणते छोटे हे दरवर्षी बदलायचं. ते आकडे चित्रात लपवून एकमेकांना भेट द्यायची टूम निघाली आणि चित्र जास्तीत जास्त देखणं करायच्या चढाओढीतून एकावर एक अनेक रंग छापण्याचं तंत्र पुढे आलं. सुझुकी हारुनोबू हा त्यातला मोठा चित्रकार.

एकच कागद आठ-दहा वेळा वेगवेगळ्या ठशांवर ठेवायचा आणि प्रत्येक वेळी रंग नेमका रेषेच्या आत बसला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक ठशाच्या एका कोपऱ्यात काटकोनी खूण आणि त्याच कडेला थोड्या अंतरावर एक सरळ खूण कोरलेली असे. या खुणांना ‘केन्तो’ म्हणतात. कागदाचा कोपरा एकात आणि कड दुसरीत टेकवली की काम झालं. यंत्र नाही, दाबयंत्रही नाही. छपाईवाला ओलसर कागद ठशावर ठेवून ‘बारेन’ नावाच्या, बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चपट्या चकतीने पाठीमागून घासतो. कागदसुद्धा तसाच चिवट, तुतीच्या जातीच्या कोझो झाडाच्या सालीचा. त्यावर सरस आणि तुरटीचा हात दिलेला, म्हणजे रंग फुटत नाही.

आकाशात वरून गडद आणि खाली विरत जाणारा निळा पट्टा हिरोशिगेच्या असंख्य चित्रांत दिसतो. तो ठशावर कोरलेला नसतो. छपाईवाला सपाट ठशावर रंग लावून ओल्या फडक्याने किंवा ब्रशने तो एका बाजूला पुसट करत नेतो, प्रत्येक प्रतीसाठी नव्याने. म्हणून दोन प्रतींचं आकाश अगदी सारखं नसतं. मालिका खपायला लागली की पुढच्या खेपांमध्ये घाई होई आणि हे नाजूक काम गाळलं जाई. आज एकाच चित्राच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर एकीत ढग काळेभोर दाटलेले आणि दुसरीत नुसता सपाट पट्टा असं होऊ शकतं. दोन्ही अस्सल.

तो निळा रंगही परदेशी होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये तयार झालेला हा रंग डच व्यापाऱ्यांमार्फत नागासाकीला उतरे. जपानी लोक त्याला बर्लिनवरून ‘बेरो’ म्हणत. १८३०च्या आसपास तो परवडण्याजोगा झाला आणि होकुसाईच्या फुजीपासून हिरोशिगेच्या नद्यांपर्यंत सगळीकडे पसरला. आपण ज्याला अगदी जपानी निळा समजतो तो बर्लिनचा निघतो.

रात्री दहाचा धक्का

११ नोव्हेंबर १८५५. रात्रीचे दहा वाजण्याच्या सुमारास एदोला भूकंपाचा मोठा धक्का बसला. घरं लाकडाची आणि कागदाची, शेगड्या-दिवे पेटलेले. जागोजागी आगी लागल्या. मृतांचा अंदाज सात ते दहा हजारांचा आहे.

एदोला आग नवी नव्हती. १६५७च्या आगीत अर्ध्याहून जास्त शहर गेलं होतं आणि मृतांची संख्या एक लाखापर्यंत सांगितली जाते. आगी आणि भांडणं हीच एदोची फुलं, अशी एक म्हण एदोकर मिरवायचे. हिरोशिगे तर आगीच्याच घरात जन्मला होता. त्याचे वडील शोगुनच्या किल्ल्याजवळच्या अग्निशामक दलात होते. १८०९ साली एकाच वर्षात आईवडील दोघंही गेले आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाकडे वडिलांची नोकरी आली. तो चित्रकला शिकला, प्रसिद्ध झाला, आणि घराण्याची ती जबाबदारी पुढे दुसऱ्याकडे सोपवली. आपलं शहर जळतं, हे त्याला फार लहानपणापासून माहीत असणार.

भूकंपानंतर छापखाने थांबले नाहीत. उलट काही दिवसांतच एदोत चित्रांचा पूर आला. या चित्रांचा नायक होता एक मासा. जपानी लोकसमजुतीप्रमाणे जमिनीखाली नामाझू नावाचा प्रचंड मिशाळ मासा असतो, आपल्याकडच्या मागूरच्या जातकुळीतला. काशिमाचा देव त्याला दगडाने दाबून ठेवतो. देवाचं लक्ष ढळलं की मासा शेपूट हलवतो आणि भूकंप होतो. १८५५चा भूकंप जुन्या पंचांगाच्या दहाव्या महिन्यात झाला आणि त्या महिन्यात देशभरचे देव इझुमोला सभेला गेलेले असतात अशी समजूत. म्हणजे देव रजेवर असताना घात झाला.

या नामाझूच्या चित्रांवर बहुतेक वेळा ना चित्रकाराचं नाव, ना प्रकाशकाचं, ना तपासणीचा शिक्का. सगळं बेकायदा. काहींत लोक माशाला बदडून काढतात. काहींत मासा माफी मागतो. आणि काहींत सुतार, गवंडी, छपरं घालणारे माशाचे आभार मानतात, कारण शहर पुन्हा उभं करायचं तर त्यांची मजुरी वाढलेली! काही चित्रांत मासा श्रीमंतांना नाणी ओकायला लावतो आणि गरीब ती गोळा करतात. नुकती घरं गेलेल्या माणसांनी हे विकत घेतलं, वाचलं, त्यावर हसले. दोनेक महिन्यांत सरकारने या चित्रांवर हात टाकला आणि ठसे नष्ट करायला लावले. तोवर शेकडो वेगवेगळी चित्रं बाजारात येऊन गेली होती.

शिक्क्यातला महिना

आता त्या कडेच्या शिक्क्यांकडे परत येऊ. प्रत्येक अधिकृत चित्रावर तपासणीचा शिक्का आणि वर्ष-महिन्याचा शिक्का असे. वर्ष प्राण्याच्या नावाने. १८५६ ड्रॅगनचं, १८५७ सापाचं, १८५८ घोड्याचं. सरकारने हे नियंत्रणासाठी केलं, पण आपल्याला आयता टाइमस्टँप मिळाला. त्यावरून कळतं की ‘शंभर स्थळं’ ही मालिका १८५६च्या दुसऱ्या महिन्यात सुरू झाली. भूकंपाला तेव्हा चारेक महिने झाले होते.

मालिकेत ढिगारे नाहीत. जळकी घरं नाहीत. चेरीला बहर आहे, नदीवर आतषबाजी आहे, पतंग आहेत. पूर्वी अभ्यासक हे सगळं ‘आठवणीतलं सुंदर एदो’ म्हणून सोडून देत. गेल्या काही दशकांत काही जपानी अभ्यासकांनी शिक्क्यांच्या तारखा आणि शहरातल्या दुरुस्त्यांच्या नोंदी शेजारी ठेवून बघितल्या. आसाकुसाच्या देवळाचं चित्र घ्या. वर मोठा लाल कंदील, खाली बर्फ, छत्र्या घेतलेली माणसं, मागे पाच मजली पॅगोडा. शिक्का १८५६च्या सातव्या महिन्याचा, म्हणजे ऑगस्टच्या आसपासचा. भर उन्हाळ्यात बर्फाचं चित्र कोण काढतं? त्यांचं म्हणणं असं, की भूकंपात या पॅगोड्याच्या टोकावरचा धातूचा खांब वाकला होता. तो त्याच उन्हाळ्यात सरळ केला गेला आणि लगोलग हे चित्र आलं. लाल-पांढरा हा जपानमध्ये शुभकार्याचा रंगमेळ. लाल देऊळ पांढऱ्या बर्फात ठेवलं, की बातमी आणि शुभेच्छा दोन्ही एका कागदात बसल्या.

मालिकेतल्या प्रत्येक चित्राला असा अर्थ लावणं मला ताणल्यासारखं वाटतं. पण हे एक उदाहरण पटतं. आपत्तीवर उघड बोलणाऱ्या माशाचे ठसे फोडले जात असताना अधिकृत शिक्का घेऊन बोलायचं तर असंच बोलावं लागणार. खांब सरळ झालाय, एवढंच दाखवायचं. ज्याने तो वाकलेला पाहिलाय, त्याला कळतं.

आणि हेही विसरायला नको की हा धंदा होता. कांदाच्या रंगाऱ्यांच्या गल्लीचं चित्र बघा. उंच बांबूंवर वाळत घातलेली रंगवलेली कापडं, मागे लहानसा फुजी. पुढच्या पांढऱ्या कापडांवर काय छापलंय? काहींवर ‘मासा’ हे अक्षर, म्हणजे प्रकाशक उओयाच्या नावातलं पहिलं अक्षर. काहींवर ‘हि’ आणि ‘रो’ जोडून केलेलं हिरोशिगेचं चिन्ह. आपली जाहिरात आपल्याच चित्रात वाळत घातलेली.

नाव शंभरचं असलं तरी मालिका इतकी खपली की ती ११८ चित्रांपर्यंत गेली. १८५८च्या शरद ऋतूत हिरोशिगे वारला. शहरात कॉलराची साथ होती आणि तो तिलाच बळी पडला असं मानलं जातं.

मांजर, पाऊस, नावाडी

यातलं मला सर्वात आवडणारं चित्र मांजराचं आहे. खिडकीच्या कठड्यावर एक पांढरं मांजर पाठमोरं बसलंय. बाहेर संध्याकाळ, शेतं, दूरवर उत्सवाहून परतणाऱ्या लोकांची बारीक रांग, आणखी मागे फुजी. आत कठड्यावर टॉवेल आणि पाण्याचं भांडं, जमिनीवर उत्सवातून आणलेल्या केसांच्या पिना. ही योशिवारा या वेश्यावस्तीतली खोली आहे. बाई चित्रात नाही. खिडकीला गज आहेत आणि बाहेर बघण्याचं काम मांजर करतंय. गणिकांची चित्रं काढायला अडचण असलेल्या काळात हिरोशिगेने तिला न दाखवता तिची संध्याकाळ दाखवली.

दुसरं चित्र पुलावरच्या पावसाचं. अचानक सर आली आहे, माणसं डोक्यावर चटया, छत्र्या धरून पळतायत, नदीत एकटा तराफेवाला. पाऊस म्हणजे सरळ बारीक काळसर रेघा, दोन किंचित वेगळ्या कोनांत. कोरण्याची पद्धत आठवली की या रेघांचं काय ते कळतं. प्रत्येक रेघ लाकडात उठवलेली आहे, केसाइतकी बारीक, वीतभर लांब, दोन्ही बाजूंचं लाकूड काढून. एक तुटली की ठसा गेला. १८८७ साली पॅरिसमध्ये व्हॅन गॉगने हे चित्र समोर ठेवून तैलरंगात रंगवलं. त्याला पावसासाठी ब्रशचे फटकारे पुरले. ठसा कोरणाऱ्याचं नाव अशा छापचित्रांच्या समासात क्वचित सापडतं, छपाईवाल्याचं जवळजवळ कधीच नाही.

तिसरं हानेदाच्या नावेचं. समोर नावाड्याचे केसाळ पाय आणि हात, त्यांच्या मधून खाडी, बेंतेन देवीचं देऊळ, शिडं. आज त्या परिसरात टोकियोचा विमानतळ आहे. विमानाने हानेदाला उतरणाऱ्या बहुतेकांना तिथे पूर्वी पैलतीरावर जायला नाव लागायची हे ठाऊकही नसेल.

हिरोशिगेचं एदो नंतर आणखी जळलं. १ सप्टेंबर १९२३च्या भूकंपात आणि आगीत टोकियोचा मोठा भाग बेचिराख झाला. त्या आगीत जुन्या पद्धतीने नवी छापचित्रं काढणाऱ्या वातानाबे या प्रकाशकाचे ठसे जळले आणि त्याचा चित्रकार कावासे हासुइ याच्या रेखाटनवह्याही. हासुइ पुन्हा फिरला, पुन्हा रेखाटनं केली, टोकियोच्या वीस दृश्यांची मालिका काढली. कोइझुमी किशिओ नावाच्या दुसऱ्या एका चित्रकाराने १९२८ ते १९४० अशी बारा वर्षं खपून नव्या टोकियोची शंभर दृश्यं कोरली. त्यात लोखंडी पूल आहेत, आगगाड्या आहेत. शहर पडलं की त्याची शंभर चित्रं काढायची, अशी ही रीतच पडली असावी. मग १९४५चे बॉम्ब आले.

एवढ्या आगींतून १८५७चं कागदी शहर आपल्यापर्यंत कसं आलं? कोणी मौल्यवान म्हणून तिजोरीत ठेवलं म्हणून नाही. ते स्वस्त होतं, पुष्कळ होतं, आणि आग लागायच्या आधीच लोकांच्या गाठोड्यांतून दुसऱ्या गावी, पुढे दुसऱ्या देशांत पोचलेलं होतं. आमच्या कामात डेटाच्या प्रती वेगवेगळ्या शहरांतल्या सर्व्हरवर ठेवतात, एक जळला तर दुसरा असावा म्हणून. एदोच्या लोकांनी असा काही विचार केला नव्हता. त्यांनी फक्त शेवयांच्या पैशांत आपल्या गल्लीचं चित्र घेतलं होतं.

फोनवर हा पावसाचा पूल उघडलात तर आकाशाच्या सपाट भागावर दोन बोटांनी मोठं करून बघा. चांगल्या प्रतीत रंगाच्या आत फिकट समांतर रेषा दिसतात. त्या कोणी काढलेल्या नाहीत. तो फळीचा पोत आहे, चेरीच्या झाडाची वर्षं, छपाईवाल्याने घासलेल्या कागदावर उतरलेली.